गाठ निघाली, पण मागे काय उरलं?

पोटात मुका मार लागला म्हणून सोनोग्राफी करावी आणि भलतंच काही दिसावं, अशी स्वादुपिंडातल्या एका दुर्मीळ गाठीची गोष्ट पुष्कळदा सुरू होते. सायकलवरून पडताना हँडल पोटात बसलेलं असतं, नाहीतर खेळताना कोणाचं तरी कोपर लागलेलं असतं. रुग्ण बहुतेक वेळा मुलगी असते, विशीतली, कधी कधी अजून शाळेत जाणारी. अहवालात लिहिलेलं असतं की स्वादुपिंडात सात-आठ सेंटिमीटरची, स्पष्ट कडा असलेली, थोडी भरीव थोडी पोकळ गाठ आहे. घरात पोचतो तो मात्र एकच शब्द, कॅन्सर. स्वादुपिंडाचा कॅन्सर कसा असतो हे नात्यात किंवा ओळखीत कोणी ना कोणी पाहिलेलं असतं. सहा महिने, फार तर वर्ष. मग डॉक्टरांपुढे सगळे मिळून एकच प्रश्न ठेवतात, कधी काढता?

माझं म्हणणं असं की या रुग्णांपुरता ‘कधी’ हा सगळ्यांत बिनमहत्त्वाचा प्रश्न आहे. कोण काढणार, कुठे काढणार आणि गाठीबरोबर निरोगी शरीराचा केवढा तुकडा जाणार, यावर पुढची पन्नास वर्षं ठरतात. हे प्रश्न धसास लावायला दोन-तीन आठवडे गेले तर ते या गाठीच्या लेखी काहीच नसतात. आणि हे सगळं एकेका कुटुंबाच्या हुशारीवर सोडून भागणार नाही. अशी शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात व्हावी आणि कोणत्या होऊ नये, हे नियमानं ठरलं पाहिजे.

आधी गाठीची ओळख करून घेऊ. १९५९ साली अमेरिकेतल्या विकृतिशास्त्रज्ञ व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी स्वादुपिंडातल्या अशा तीन गाठींचं वर्णन केलं आणि त्यापुढे चक्क प्रश्नचिन्ह ठेवलं, साध्या की घातक? पुढची काही दशकं प्रत्येकानं या गाठीला आपापलं नाव दिलं. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला एक नाव मिळालं, सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर. आज तिची गणना सौम्य दर्जाच्या घातक गाठींत होते, म्हणजे फ्रांट्झ यांच्या प्रश्नाला ‘दोन्ही थोडं थोडं’ असं उत्तर मिळालं आहे. स्वादुपिंडाच्या गाठींत तिचं प्रमाण जेमतेम १ ते ३ टक्के. रुग्णांपैकी दहात नऊ स्त्रिया, आणि सरासरी वय तिशीच्या आसपास. जवळजवळ प्रत्येक गाठीत बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडतो. दहा-पंधरा टक्के रुग्णांत ती यकृतात किंवा पोटाच्या अस्तरावर पसरलेली असते, पण तिथूनही ती काढता आली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. गाठ पूर्ण निघाली तर पाच वर्षांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण जिवंत असतात.

ज्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं घर हादरतं त्याची आणि हिची जात वेगळी आहे. तरुणांत दिसणाऱ्या दुसऱ्या काही गाठीही अशाच वेगळ्या असतात. इन्सुलिनोमा सहसा दोन सेंटिमीटरहून लहान असतो, नव्वद टक्के वेळा साधा असतो, पण भलत्या वेळी इन्सुलिन सोडून माणसाला बेशुद्ध पाडतो. काही जण मिरगीची औषधं घेत वर्षं काढतात, मग कोणाला तरी साखर तपासायचं सुचतं. चेतासंस्था आणि संप्रेरकं यांच्याशी नातं असलेल्या, म्हणजे न्यूरोएंडोक्राइन, गाठीही यातल्याच. स्टीव्ह जॉब्स यांना २००३ मध्ये निदान झालेली गाठ याच जातीची होती, आणि बातम्यांनी तिला सरसकट ‘स्वादुपिंडाचा कॅन्सर’ म्हटल्यानं लोकांच्या डोक्यातला गोंधळ वाढला तो वाढलाच. अपवाद आहेत, ते मी लपवत नाही. गाठ फुटून रक्तस्राव होत असेल, साखर जीवघेणी उतरत असेल, लहान मुलातला पॅनक्रिएटोब्लास्टोमा नावाचा घातक कॅन्सर असेल, किंवा बायोप्सीत पेशी झपाट्यानं वाढणाऱ्या निघाल्या तर थांबायचं नसतं. बाकीच्यांना मात्र दुसरं मत घ्यायला वेळ असतो, आणि तो आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता शस्त्रक्रिया. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं, पंधरा-वीस सेंटिमीटर लांब, वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात रुतलेलं, शेपूट प्लीहेला (स्प्लीनला) टेकलेली, मानेमागून आतड्यांचं सगळं रक्त घेऊन जाणारी शीर. डोक्यातली गाठ काढायची तर व्हिपल शस्त्रक्रिया करतात. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचं ते वळण, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि अनेकदा जठराचा तुकडा असं सगळं एकत्र निघतं, आणि मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर हे तिन्ही आतड्याला नव्यानं जोडावे लागतात. जर्मनीत वॉल्थर काऊश यांनी १९०९ मध्ये अशा प्रकारची शस्त्रक्रिया केली होती, पण नाव लागलं ते १९३५ मध्ये ती मांडणाऱ्या अ‍ॅलन व्हिपल यांचं. योगायोग असा की त्याच वर्षी व्हिपल यांनी इन्सुलिन सोडणाऱ्या गाठींवर एक मोठा लेख लिहिला, आणि त्यांच्या सहलेखिका होत्या याच व्हर्जिनिया फ्रांट्झ. गाठीचं पहिलं वर्णन आणि शस्त्रक्रियेचं नाव एकाच दालनातून बाहेर पडलं म्हणायचं.

शेपटीकडची गाठ त्या मानानं सोपी. तो भाग कापून काढायचा, पुन्हा जोडणी करायची नाही. सोपी आहे म्हणूनच ती कुठेही केली जाते.

सामान्य समजुतीला उलटा पाडणारा मुद्दा इथे आहे. आपण म्हणतो, तरुण शरीर आहे, झेपेल. हृदय आणि फुप्फुसांपुरतं ते खरंही आहे. पण स्वादुपिंडाच्या बाबतीत तारुण्य हीच अडचण. म्हाताऱ्या रुग्णाच्या कॅन्सरनं नलिका तुंबून फुगलेली असते आणि ग्रंथी तंतुमय, कडक झालेली असते, त्यामुळे टाका धरून राहतो. तरुण रुग्णाची उरलेली ग्रंथी अगदी निरोगी असते, म्हणजे लोण्यासारखी मऊ, आणि तिच्यातली नलिका जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. टाका ओढला की चिरतो. जोडणीतून पाझरणारा रस अन्न पचवण्यासाठीच बनलेला असतो, तो शेजारच्या रक्तवाहिनीची भिंतही पचवायला लागतो. या गळतीला फिस्टुला म्हणतात, आणि नावाजलेल्या ठिकाणीही साधारण १० ते ३० टक्के रुग्णांत ती होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा गुणांची एक मोजपट्टी या धोक्याचा अंदाज देते. मऊ ग्रंथीला २ गुण, गाठ नेहमीच्या कॅन्सरची किंवा सुजेची नसेल तर १, आणि नलिका २ मिलिमीटरची असेल तर ३, १ मिलिमीटरची असेल तर ४. म्हणजे रक्ताचा थेंब सांडायच्या आधीच आपल्या विशीतल्या रुग्णाच्या खात्यावर सहा-सात गुण जमा होतात. सातपासून वर अति धोका.

म्हणून ‘तरुण आहे, कोणीही करेल’ हे वाक्य नेमकं चुकीचं ठरतं. या रुग्णाला तो हात हवा जो आठवड्याला हीच जोडणी करतो.

अनुभवाचा फरक किती पडतो याचे आकडे जुने आहेत आणि वारंवार तपासले गेले आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतल्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचा मृत्युदर अगदी क्वचित अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के निघाला, आणि सर्वांत जास्त करणाऱ्यांत ३.८ टक्के. ते रुग्ण ६५ वर्षांवरचे होते, तेव्हा हे आकडे तरुण मुलीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तिच्या जिवाचा धोका दोन्हीकडे कमीच असेल. पण मला जास्त बोलका वाटतो तो २००९ चा दुसरा अभ्यास. त्यात पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंत २६.९ टक्के रुग्णांत झाली आणि सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्यांत २४.६ टक्के. जवळजवळ सारखीच. फरक पुढे होता. गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के दगावले, दुसऱ्या गटात २१.४.

याचा अर्थ सर्जनच्या बोटांपुरतं हे प्रकरण मर्यादित नाही. पाचव्या दिवशी रात्री नळीतून येणारं पाणी लालसर दिसलं तर त्या परिचारिकेला ते काय आहे हे कळलं पाहिजे. तासाभरात सीटी स्कॅन झाला पाहिजे. मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार घालून फुटलेली रक्तवाहिनी बंद करणारा तज्ज्ञ त्याच इमारतीत असला पाहिजे. एखादा अत्यंत कसबी सर्जन छोट्या रुग्णालयात सुरेख व्हिपल करू शकतो, पण रात्री दोन वाजता तो घरी असतो.

नेदरलँड्सनं यावर सरळ नियम केला. वर्षाला किमान २० व्हिपल करत नसाल तर करूच नका, असं २०११ पासून तिथे ठरलं. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि ते सगळे वेडगळ नाहीत. अंतर हा पहिला. आजारी माणसाला घरापासून लांब नेलं की सोबतीचा, राहण्याचा, बुडालेल्या कामाचा खर्च होतो, आणि तो ज्याला परवडत नाही तो उपचारच टाळतो. हे मला मान्य आहे. पण म्हणून शस्त्रक्रिया जवळ आणायची की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च उपचाराचाच भाग धरायचा? शस्त्रक्रिया एकदाच होते, तपासण्या वर्षानुवर्षं चालतात. तपासण्या घराजवळ होऊ द्याव्यात. आणि पहिल्या सल्ल्यासाठी तर माणूस न्यायचीही गरज नाही, स्कॅनच्या प्रतिमा पाठवता येतात. दुसरा आक्षेप असा की छोट्या ठिकाणच्या सर्जननी शिकायचं कुठे? उत्तर कडू आहे. ज्याच्यापुढे पन्नास वर्षांचं आयुष्य आहे अशा रुग्णावर नाही.

मात्र मोठं केंद्र गाठलं की काम झालं, असंही मी म्हणणार नाही. मोठ्या केंद्रांचा स्वतःचा एक दोष आहे आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. तिथला हात घडलेला असतो नेहमीच्या आक्रमक कॅन्सरवर, सत्तरीतल्या रुग्णांवर. त्या आजारात शक्य तेवढं काढणं योग्यच असतं. आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढा, प्लीहा काढा, गाठीपासून कापायची कड लांब ठेवा. हीच सवय विशीतल्या मुलीवर चालवली की गाठीपेक्षा सवयीचीच किंमत जास्त मोजावी लागते. सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठ लसिकाग्रंथींत क्वचितच जाते. ती न फुटता आणि पूर्ण निघावी, एवढी तिची मागणी असते.

प्लीहेचंच घ्या. शेपटीकडची शस्त्रक्रिया प्लीहेसकट करणं सोपं पडतं, कारण तिच्या रक्तवाहिन्या स्वादुपिंडाला चिकटूनच जातात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या बारीक फांद्या एकेक करून बांधाव्या लागतात. प्लीहा वाचवण्याच्या दोन रीती आहेत. १९८८ मध्ये अँड्र्यू वॉरशॉ यांनी दाखवलं की मुख्य रक्तवाहिन्या कापल्या तरी जठराकडून येणाऱ्या छोट्या रक्तवाहिन्यांवर प्लीहा जगू शकते. १९९६ मध्ये जपानच्या किमुरा यांनी मुख्य रक्तवाहिन्याच शाबूत ठेवण्याची रीत मांडली. दोन्हींना वेळ आणि चिकाटी लागते. प्लीहा गेली तर न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा संसर्ग काही तासांत जिवावर उठण्याचा धोका आयुष्यभर सोबत राहतो. सत्तरीत ‘आयुष्यभर’ म्हणजे किती, आणि बावीसाव्या वर्षी किती, याचा हिशेब शस्त्रक्रियागृहात कोणी मोठ्यानं करताना मला दिसत नाही. प्लीहा काढावी लागेल अशी शक्यता असेल तर लशी निदान दोन आठवडे आधी द्यायच्या असतात. ‘परवाच करून टाकू’ या घाईत पहिला बळी या लशींचा जातो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात, कारण रुग्ण तरुण आणि त्यातून मुलगी असली की व्रणाची चर्चा फार लवकर सुरू होते. शेपटीकडच्या शस्त्रक्रियेत दुर्बीण खरोखर उपयोगी आहे. डच चाचणीत त्या रुग्णांची तब्येत सहाऐवजी चार दिवसांत सावरली. पण त्याच देशात दुर्बिणीतून व्हिपल करण्याची चाचणी मध्येच थांबवावी लागली. नव्वद दिवसांत गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ जण दगावले, पोट उघडून केलेल्या गटात ४९ पैकी १. संख्या लहान आहे, तेवढ्यावर कायमचा निकाल लावता येत नाही. तरी सर्जनला हे विचारायला हरकत नसावी की अशा किती केल्या आणि त्यांचं पुढे काय झालं. हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो ही आपल्या संकोचाची खूण आहे. ज्यांचे आकडे चांगले आहेत ते सहसा आनंदानं सांगतात.

ग्रंथी वाचवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी, म्हणजे मीही, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाचवणं फुकट मिळत नाही. गाठ मधोमध असेल तर फक्त मधला भाग काढून दोन्ही टोकं राखता येतात. पुढे मधुमेह होण्याची शक्यता त्यानं घटते, पण कापलेल्या बाजू एकाऐवजी दोन होतात आणि गळतीचा धोका वाढतो. म्हणजे आत्ताचे चार-सहा कठीण आठवडे एका पारड्यात आणि चाळिशीतलं इन्सुलिनचं इंजेक्शन दुसऱ्या. इन्सुलिनोमा नुसता सोलून काढता येतो, पण तो मुख्य नलिकेला खेटून असेल तर सोलताना नलिकाच दुखावते. दुसरीकडे काही तरुणांत आनुवंशिक बिघाडामुळे, जसं मेन-१ किंवा व्हॉन हिपेल-लिंडाऊ या विकारांत, आयुष्यभर नवनव्या गाठी येत राहतात. त्यांच्यापैकी कोणाला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागेल, म्हणून पहिल्या वेळी वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर पुढे उपयोगी पडतो. त्याच कारणानं लहान, संप्रेरक न सोडणाऱ्या गाठींवर त्यांच्यात नुसती नजर ठेवतात. हे पारडं कुठे झुकवायचं हे सर्जन एकटा ठरवू शकत नाही, कारण इन्सुलिन त्याला टोचून घ्यायचं नसतं. इथे रुग्णाशी निवांत बसून बोलावंच लागतं. बारा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत सही आईवडिलांची असते, पण बोलणं तिच्याशीही व्हायला हवं.

या वयाची आणखी एक अडचण. बारा वर्षांच्या मुलीवर कोणी शस्त्रक्रिया करायची? बालशल्यविशारदाला मूल कळतं, त्याचं भूल-पाणी-औषधांचं गणित कळतं, पण स्वादुपिंड त्याच्या हाताखाली वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी येतं. मोठ्यांच्या सर्जनला स्वादुपिंड रोजचं, पण मूल नवखं. अनेक ठिकाणी हा प्रश्न रुग्ण पहिल्यांदा कोणत्या विभागाच्या दारात गेला यावरून सुटतो, आणि हे मला खरोखर संतापजनक वाटतं. दोघांनी मिळून एका टेबलावर उभं राहावं, एवढं साधं उत्तर आहे. आड येतात ते विभागांचे मान आणि कोणाच्या नावावर नोंद होणार हा वाद.

नियम करायचाच तर मोजायचं काय, तेही बदलायला हवं. पाच वर्षांचं जगणं ही मोजपट्टी या आजारात जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तिच्यावर सगळेच उत्तीर्ण होतात. उत्तम शस्त्रक्रिया आणि ओबडधोबड शस्त्रक्रिया यांच्यातला फरक ९५ टक्क्यांच्या आकड्यात दिसतच नाही. तो दिसतो पंधरा वर्षांनी. किती जणांना मधुमेह झाला, किती जण जेवताना पाचक रसाच्या कॅप्सूल घेतात, कितींना प्लीहा नसल्यामुळे गंभीर संसर्ग झाला, गरोदरपण कसं गेलं. गाठ परत येण्याचं प्रमाण थोडं आहे, पण ती दहा वर्षांनंतरही आल्याची उदाहरणं आहेत. म्हणून केंद्राला परवानगी देतानाच अट घालावी की शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक तरुण रुग्णाची नोंद किमान वीस वर्षं ठेवायची आणि आकडे उघड करायचे. तरुण माणसं गाव बदलतात, नोकरी बदलतात, आडनाव बदलतात, फोन नंबर तर बदलतातच. त्यांना शोधत राहणं हे पगारी काम आहे, ते कोणाच्या तरी चांगुलपणावर चालणार नाही.

ही व्यवस्था उभी राहायला वेळ लागेल. त्याआधी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर आज लिहिलेलं असतं, ‘गाठ काढली, टाके अमुक तारखेला’. त्याच कागदावर चार ओळी वाढवाव्यात. स्वादुपिंडाचा कोणता भाग आणि अंदाजे किती सेंटिमीटर उरला. प्लीहा ठेवली की काढली, आणि ठेवली असेल तर कोणत्या रीतीनं. कोणत्या लशी कोणत्या तारखेला दिल्या आणि पुढची कधी. साखर आणि स्कॅन कोणत्या वर्षापर्यंत तपासत राहायचं. पंधरा वर्षांनी दुसऱ्याच शहरात, रात्री थंडी वाजून ताप भरलेली ती बाई एका अनोळखी डॉक्टरसमोर बसलेली असेल, तेव्हा तिच्या पिशवीत हा कागद असला पाहिजे.